यादीत पेढे, डब्यात फुटाणे

कोजागिरी पौर्णिमा, सोमवार, अमरावती. हजर: मी, आमचे हे, अकोल्याच्या नणंदबाई आणि त्यांचे यजमान. गैरहजर: मुलगी, ती पुण्याला नोकरीत. न कळवता हजर: वरच्यापैकी शेवटचे दोन.

अशी नोंद मी दर कोजागिरीला करते. भुलाबाईची वही वेगळी ठेवली आहे. लोकांना हे विचित्र वाटतं. लोक घरातल्या गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते सांगू शकत नाहीत आणि मला विचित्र म्हणतात.

आमच्या वऱ्हाडात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, शेवटच्या दिवशी वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. गाणी म्हणायची, आणि मग झाकण लावलेला डबा हलवून आत कोणता खाऊ आहे ते ओळखायला लावायचं. खाऊ ओळखेपर्यंत मिळत नाही. हा खेळ मुलींचा. आमच्या मुलीला आठवीत त्याची लाज वाटू लागली आणि बारावीनंतर ती होस्टेलला गेली. तेव्हा हे अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये फोरमन होते. तिथं एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. त्या वर्षीच्या कोजागिरीला ते फाटकापासून डबा वाजवतच आले आणि मला म्हणाले, "ओळख." मी म्हटलं, हात-पाय धुवा आधी. मग ओळखलं. खारका होत्या.

तेव्हापासून आम्ही दोघं शेवटचे पाच दिवस भुलाबाई मांडतो. नोकरीत होते तोवर हंगामाआधी हे तेवढी रजा काढायचे. एक दिवस डबा मी भरते, एक दिवस ते. कोजागिरीचा डबा माझा. पाचच गाणी. त्यातली दोन मला अर्धीच येतात, तिथं हे टाळी देऊन वेळ मारून नेतात. साडेसातला मसाला दूध पितो. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळला की उगवतो, हे शाळेच्या पुस्तकात आहे. बारा वाजेपर्यंत ताटकळणारे लोक चंद्रासाठी थांबत नाहीत, दुधाच्या दुसऱ्या ग्लासासाठी थांबतात.

कॉलनीत आता 'महोत्सव' होतो. मैदानावर मंडप, सगळ्यांना पिवळ्या साड्यांची सक्ती, आणि परीक्षक म्हणून असा माणूस ज्यानं आयुष्यात भुलाबाई पाहिलेली नाही. खाऊ म्हणून दुकानाचं नाव छापलेली पाकिटं. पाकिटावर 'शेव' लिहिलेलं असतं आणि बायका "ओळखा, ओळखा" म्हणून ओरडतात. स्पीकर असा की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. मी दारं लावून घेते, कानात बोटं घालते. हे मात्र अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. मी समोरच्या बाईंना अभिमानानं सांगितलं होतं की आमच्या ह्यांची सहनशक्ती संताची आहे. हे वाक्य मी पुढच्या वर्षी मागे घेणार आहे.

आमच्या घरात सगळं यादीवर चालतं. यादी फ्रिजवर चुंबकानं लावलेली असते. किराणा, बिलं, औषधं, पाहुणे, आणि भुलाबाईच्या दिवसांत खाऊसुद्धा. खाऊ गुप्त ठेवायचा असतो आणि मी तो फ्रिजवर लिहीत होते, हे आता सांगताना माझंच मला हसू येतं. पण माझा हिशेब सरळ होता. यादीतलं एकही काम हे आपणहून करत नाहीत, म्हणजे ते यादी वाचत नाहीत. इतकी वर्षं नोकरीत लोकांच्या अर्जातल्या चुका काढल्या, आणि स्वतःचा हा एवढा मोठा तर्क कधी तपासला नाही.

सोमवारी यादीत लिहिलं होतं: दूध दोन लिटर, चारोळी, धांडे पाच, पेढे पाव किलो (डबा). सगळं आणलं होतं, धांडे तेवढे राहिले होते. ते आणायला हे चार वाजता इतवारा बाजारात गेले. साडेचारला बेल वाजली. दारात नणंदबाई, मागे भाऊजी, हातात पिशवी.

"काय वो वहिनी, दोघंच? कोजागिरी अशी असते का? घरात कोनी गेल्यासारखं वाटून राह्यलं."

"आमी दोघंच राहतो बाई. मंग दोघंच दिसू."

"आमच्या अकोल्याले गच्चीवर पन्नास मानसं असतात. नाच, गाणी, भेळ."

"मंग आज ते पन्नास कुठी गेले?"

भाऊजींना खोकला आला. खोकल्यानंतर कळलं की गच्ची वरच्या मजल्यावाल्यांची आहे आणि यंदा वरच्या मजल्यावाल्यांशी बोलणं बंद आहे. म्हणजे आमचं घर ही पर्यायी व्यवस्था होती. पन्नास माणसांना नाचवणाऱ्या बाईला ऐनवेळी दोघांचं घर बरं आठवलं.

चहाबरोबर द्यायला घरात त्या क्षणी दुसरं काही नव्हतं, म्हणून पेढ्यांचा पुडा सोडला. भाऊजी बोलताना हात हलवतात आणि हात परत येताना पेढा घेऊन येतो.

"पेढे भल्ले ताजे हायेत वो वहिनी."

"होते," मी म्हटलं.

वरच्या फळीवर फुटाण्याची बरणी होती. मी स्टीलच्या डब्यात अर्धा डबा फुटाणे घातले, झाकण लावलं आणि देवळीत, भुलाबाईच्या शेजारी, ठेवून दिला. यादी मात्र बदलली नाही. मी यादी बदलायला विसरते असं वर्षात एकदाही होत नाही, पण त्या वेळी नणंदबाई माझ्या डाळींच्या डब्यांवरची लेबलं मोठ्यानं वाचून दाखवत होत्या आणि भाऊजी हसत होते.

सव्वापाचला हे धांडे खांद्यावर घेऊन आले.

"अरे, तुमी कवा आले?" बहिणीला बघून खरंच खूश झाले. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजजवळ थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं गुडघा दुखत असेल.

दिवे लागले. धांड्यांचा मांडव ह्यांनी नेहमीसारखा एका बाजूला कलता बांधला. गाणी झाली. नणंदबाईंना सगळी गाणी येतात आणि मी कुठं कडवं खाल्लं ते त्या भर गाण्यात सांगतात. आवाज त्यांचा चांगला आहे. वही खरी असली पाहिजे म्हणून हे लिहिते.

मग डबा. कोजागिरीचा डबा माझा, म्हणून ओळखायचं ह्यांनी. त्यांची एक पद्धत आहे. डबा उजव्या कानाशी धरतात, डोळे मिटतात, तीनदा हलवतात. गेल्या काही वर्षांत ते ही पद्धत फारच गंभीरपणे करतात, जणू डॉक्टर छाती तपासतो आहे. त्यांनी तीनदा डबा हलवला. स्टीलच्या डब्यात अर्धा डबा फुटाणे म्हणजे पत्र्यावर गारा. भाऊजी दचकले.

ह्यांनी डोळे उघडले आणि ठामपणे म्हणाले, "पेढे."

मग नणंदबाई पदर तोंडाला लावून लोळायच्याच बाकी राहिल्या.

"काऊन रे भाऊ, जिनिंगमधला कापूस अजून कानातच राह्यला का तुह्या?"

हे हसले. मी त्यांच्याकडे पाहत होते. बहिणीनं काय म्हटलं ते त्यांना कळलं नव्हतं. सगळे हसत होते म्हणून ते हसले. नणंदबाईंनी डबा ओढून झाकण काढलं आणि फुटाणे त्यांच्या पुढ्यात ओतले.

"हे पाय तुहे पेढे!"

"मी गंमत करून राह्यलो होतो," हे म्हणाले. म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथून फ्रिज दिसतो.

माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं. मी चार ग्लास सारखे भरले. भाऊजींचा थोडा कमी.

पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेले. जाताना नणंदबाई म्हणाल्या, "मजा आली वहिनी, पुढच्या वर्षी पन येतो." मी म्हटलं, कळवून या. नंतर वही काढली. हे निवृत्त होऊन घरी आले त्याला चार वर्षं झाली. त्याआधीच्या पानांवर ह्यांची उत्तरं निम्मी चूक. शंकरपाळ्यांना खोबरं म्हणाले, बत्ताशांना साबण म्हणाले, त्यावर मी शेरा मारला आहे: 'साबण खाऊ नसतो.' चार वर्षांत माझ्या प्रत्येक डब्याचं उत्तर बरोबर. एकही चूक नाही. मला वाटलं होतं, मशीनच्या गोंगाटातून सुटले, घरच्या जेवणानं डोकं चालायला लागलं. त्याचं श्रेय मी जवसाच्या चटणीला दिलं होतं.

खात्री करायची म्हणून हे दाढी करत असताना मी डबा घेऊन मागे उभी राहिले आणि हलवला. काही नाही. जोरात हलवला. गालावरून पातं सरळ खाली आलं, हात हललासुद्धा नाही. मग आरशात मी दिसले.

"काय शोधून राह्यली?"

"कान दाखवून येऊ," मी समोर जाऊन म्हटलं.

"माह्या कानाले काय झालं? मले सगळं आयकू येते. तूच आजकाल पुटपुटून राह्यली."

ज्यांना ऐकू येत नाही त्यांना जगातली सगळी माणसं एकाच वेळी पुटपुटायला लागल्यासारखी वाटतात, हा योगायोग त्यांच्या मनात कधी येत नाही. जिनिंगमध्ये मशीनचा आवाज अडवायला कानाला लावायचं साधन मिळालं होतं. ह्यांनी ते खोलीत खुंटीला लावलं होतं. मी स्वतः पाहिलं आहे. विचारलं तर म्हणाले होते, "त्यानं कानाले गरम होते." वीस-पंचवीस हंगाम कान गार ठेवून हे घरी आले.

बेत माझा पक्का होता: कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, रिक्षा, दुपारी परत. पण त्या दिवशी भाजी फोडणीला टाकताना माझ्या लक्षात आलं की मी नेहमी ह्यांच्या पाठीशी बोलते. ते पेपर वाचत असतात, मी कामात असते. चार वर्षं मी त्या पाठीला किती गोष्टी सांगितल्या. पाण्याची मोटर, मुलीचं स्थळ, माझं दुखणारं खांद्याचं हाड. प्रत्येक गोष्टीला 'हाव' आलं, म्हणजे 'हो'. मी समजत होते, माणूस घरी आल्यावर समजूतदार झाला. मोटर तेव्हाही तशीच गळत होती.

आणि एक गोष्ट पहिल्या वर्षीची. खोली सोडून, गादीची वळकटी आणि एक ट्रंक घेऊन ते कायमचे घरी आले त्याला आठवडा झाला होता. मी कणीक मळत होते, ते दाराकडे तोंड करून चपलेचा पट्टा शिवत होते. मी म्हटलं, तुमी घरी आले, बरं झालं, मले एकटीनं करमत नव्हतं. मी असलं बोलत नाही. एकदा बोलले, कारण समोर पाठ होती. त्यालाही 'हाव' आलं होतं. ते 'हाव' मी चार वर्षं सांभाळून ठेवलं. आता कळतं की ते मोटरच्या 'हाव'सारखंच असेल.

यादीत मी मोठ्या अक्षरात लिहिलं: कान तपासणे. ते वाचतात हे आता मला माहीत आहे. मला माहीत आहे हेही त्यांना माहीत असावं, पण त्यावर आमच्यात एक शब्द झालेला नाही. दोन दिवसांनी त्याच्यापुढे त्यांच्या अक्षरात आलं: दिवाळीनंतर. त्या यादीवरचं त्यांचं ते पहिलं लेखन. दिवाळी झाली. पाडव्याला मी ओवाळलं तेव्हा ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी ते प्रेम समजले असते, पण आता मला कारण माहीत आहे. 'दिवाळीनंतर' खोडून त्यांनी लिहिलं: थंडी कमी झाल्यावर. थंडीचा आणि कानाचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक.

चकली संपली, फराळाचे डबे घासून पालथे घातले, भुलाबाईची जोडी कागदात गुंडाळून कपाटात गेली. पुढच्या वर्षी खाऊ यादीत लिहायचा की नाही, ते मी ठरवलं आहे. लिहिणार. जे लिहीन तेच डब्यात घालणार, आणि पाहुण्यांना चहाबरोबर बिस्किटं देणार.

मोटर मी मिस्त्री बोलावून दुरुस्त करून घेतली. डॉक्टरांचा नंबर यादीच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. कणीक मळताना बोललेलं ते वाक्य पुन्हा बोलायचं तेवढं राहिलं आहे. ते यादीत टाकता येत नाही, यादी ते वाचतात. समोर उभं राहून सांगायचं तर इतक्या मोठ्यानं सांगावं लागेल की समोरच्या बाईंना आधी ऐकू जाईल.