बाच्या डोक्याचं माप

शिमग्याला राक्षसाचा मुखवटा आमच्या गावात बाच करायचा आणि बाच घालून नाचायचा. आंबेनळी घाटाच्या पायथ्याचं गाव आमचं, बा सुतार. सन ऐंशीनंतर कधीतरी त्याचा उजवा हात थरथरायला लागला, पटाशी धरवेना. त्याच साली जुना मुखवटा वाळवीनं आतून खाल्ला. गावकीत ठरलं, मुंबईच्या पोरांकडून रबराचा मागवायचा आणि त्यांच्यातलाच एक नाचेल. बा घरी येऊन म्हणाला, "हात गेला रे माझा. पाय हायेत ना अजून?"

मी तेव्हा महाडच्या औद्योगिक वसाहतीत, साचे बनवणाऱ्या एका शेडमध्ये कामाला होतो. तिथे नक्कल करणारं मिलिंग मशीन होतं. एकीकडे नमुना ठेवायचा, त्याच्यावरून बोथट सुई फिरते आणि शेजारच्या ठोकळ्यात कटर तोच आकार कोरतो. मी गावकीला छातीठोक सांगून आलो, मुखवटा लाकडाचाच होणार आणि बाच नाचणार. कुणी विचारलं होतं का मला? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

बाहेरचा चेहरा जुन्यावरून उतरणार होता. आतल्या पोकळीचा आकार वाळवीनं ठेवलाच नव्हता, तिला माप हवं होतं. बा म्हणाला, "मला समोर बसव. धा येळा घाल, धा येळा काढ. मग बसतो तो." त्याची रीतच तशी. थोडं कोरायचं, डोक्यावर चढवून बघायचं, परत कोरायचं. मला हसू आलं. माझ्याकडे कॅलिपर होता ना! रविवारी दुपारी बा पडवीत झोपला होता, तसंच त्याचं डोकं मापलं, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत.

आई म्हणाली, "उठव की त्याला."

"झोपू दे गो आये, कशाला उगाच."

आधी खोक्याच्या फळ्या चिकटवून त्यातून कच्चा नमुना काढला. बाचं नि माझं डोकं एका मापाचं, म्हणून माझ्याच डोक्यावर घालून बघितला. फिट्ट! शेडमधले टाळ्या पिटायला लागले आणि मी चढून गेलो. मग खरा मुखवटा शिवणीच्या झाडाच्या लाकडात काढला. दात, भुवया, नाकपुड्या, सगळं जसंच्या तसं. बाने त्याच्यावरून हात फिरवला. मुखवटा एकदा पुरा झाला की नाचायच्या दिवसाआधी कुणी डोक्यावर चढवत नाही आमच्यात.

पालखी सहाणेच्या ओट्यावर आली, ढोल सुरू झाले. बाने मुंडासं आवळून बांधलं आणि मुखवटा उचलला. तो चढेना. त्यानं दाबला, तिरका केला, परत दाबला. कपाळ माझं! बा मुंडाशावर मुखवटा घालायचा, आणि मी झोपलेल्या माणसाचं उघडं डोकं मापून आलो होतो. लहानपणापासून दरसाल बघत आलो होतो मी ते.

"मुंडासं सोड की!" कुणीतरी ओरडलं.

आणि मीही तेच म्हणालो. होय, मीच. "सोड ना बा, पाच मिनिटांचं तर काम हाय."

बाने माझ्याकडे बघितलं. "देवाम्होरं बोडका? मयताला आलोय काय रे मी?"

मुखवटा माझ्या हातात देऊन तो सहाणेच्या कडेला जाऊन बसला. एका मुंबईकरानं पिशवीतून लाल रबराचा काढला आणि तोच नाचला. पोरं खूश झाली. बा शेवटपर्यंत बसून बघत होता. त्याला घरी चल म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही.

पुढे कित्येक महिने, धरवत नव्हती तरी, तो पटाशी घेऊन मुखवटा आतून कोरत बसायचा. म्हणायचा, पुढल्या शिमग्याला बसेल. मी मशीनवर नेतो म्हटलं तर मुखवटा मांडीखाली सारायचा. दिवाळीच्या आधी बा गेला.

दहाव्याला माझं डोकं भादरलं. नदीवरून घरी आलो आणि मुखवटा माळ्यावरून खाली काढला. आत डाव्या बाजूला त्याचे वेडेवाकडे घाव होते, नखभरसुद्धा खोल नाहीत. बाकी सगळं माझ्या मशीनचं गुळगुळीत. त्या भादरलेल्या डोक्यावर तो चढवला.

फिट्ट बसला.