बाकांच्या क्रमाने इंग्रजी

बी.ए. झाल्यापासून हिरामण मोकलला शिंगं फुटलीत, असं जुईखारच्या विहिरीवर एकमतानं ठरलं होतं. आणि विहिरीवर एकदा ठरलं की ते खोडून काढायला कलेक्टरचा हुकूम आणला तरी उपयोग नसे. पुरावेही भक्कम होते. ठमाबाईनं पाठीमागून तीन हाका मारल्या, मास्तर वळला नाही. सदा कोळी होडीतून ओरडला, "मास्तर, ताजी निवटी मासळी हाय, घेतो का?" मास्तर धोतर सावरत सरळ पुढे.

"बापानं मिठागरात जन्म घालवून शिकवला," ठमाबाई म्हणाली, "नि आता आमची हाक लागत न्हाय त्याच्या कानाला."

बाई कुचकं बोलायला गेली आणि खरं बोलून बसली. हाक खरंच त्याच्या कानाला लागत नव्हती.

पंचावन्न सालच्या हिवतापात डावा कान गेला होता. उजव्यात आधी शिट्ट्या वाजू लागल्या, मग भरतीचा आवाज, आणि तीन वर्षांत तोही ओसरला. अलिबागच्या डॉक्टरनं कानात नळी घालून पाहिलं आणि फी परत केली. डॉक्टरनं फी परत करणं म्हणजे काय, हे समजायला बी.ए. लागत नाही. परतीच्या वाटेवर हिरामणनं बायकोला बजावलं, "कोकिळे, ह्यातलं अक्षर बाहेर गेलं तर उद्या मी मिठागरात. बापासारखा."

कोकिळा त्या दिवसापासून नवऱ्याच्या समोर उभी राहून, तोंडाकडे तोंड करून बोलू लागली. सासू म्हणाली, सून उर्मट झाली.

खाडीकाठच्या त्या हायस्कुलात हिरामण इंग्रजी शिकवायचा. आठवीला मुलं येत तेव्हा त्यांना ए आणि बी ह्यांतला फरक माहीत नसे, आणि अकरावीला एस.एस.सी.ला बसायचं असे. हिरामणची रीत सोपी होती. मराठी वाक्य फळ्यावर, त्याचं इंग्रजी मुलांच्या वहीत, वही मास्तरांच्या टेबलावर. लाल शाईनं चूक दाखवायची आणि तेच वाक्य पाच वेळा लिहून आणायला सांगायचं. ह्या रीतीत कुणाला तोंड उघडावं लागत नसे, त्यामुळे कुणाला कानही लागत नसत. खाडीच्या दोन्ही काठांवर इंग्रजीचा निकाल त्याच्याइतका कुणाचा नव्हता.

अठ्ठावन्न साली वरून नवी पद्धत आली. वरून येणाऱ्या गोष्टीला खाली कोण विचारतो? अलिबागला दहा दिवसांचं शिबिर झालं. एक गोरटेले गृहस्थ खुर्ची उचलत आणि खुर्चीबद्दल बोलत, दाराशी जात आणि दाराबद्दल बोलत. मुलांनी आधी ऐकायचं, मग बोलायचं, मग वाचायचं, आणि लिहायचं ते सगळ्यात शेवटी. वर्गात मराठीचा एक शब्द नको. हिरामण पहिल्या रांगेत बसून त्या गृहस्थांच्या ओठांकडे दहा दिवस पाहत होता. शिबिराहून परतला तेव्हा कोकिळेला म्हणाला, "चार पायऱ्या आहेत. पहिल्या दोन मला चढता येत नाहीत."

हेडमास्तर टिल्लू हे उंचीनं आडनावाला जागलेले गृहस्थ. त्यांनी शिक्षकांना बोलावून सांगितलं, की यंदापासून इन्स्पेक्टर तोंडी तास बघणार. ज्याला जमणार नाही त्यानं आधीच सांगावं. सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते, म्हणून हिरामणला एवढं सगळं शाळेत कारकून असलेल्या कोकिळेच्या भावाकडून समजलं.

पहिल्या तोंडी तासाला नववीच्या वर्गात हिरामणनं डस्टर उचलून विचारलं, "व्हॉट इज धिस?"

पाठच्या बाकावरचा रघू उठला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सरांच्या हातात बोंबील."

"गुड," हिरामण म्हणाला. "सिट डाऊन."

वर्गभर तोंडं उघडली. दात दिसले, खांदे हलले. कशाला हसतात ते हिरामणला समजलं नाही, म्हणून तोही थोडा हसला. ते बघून पुढच्या बाकावरची एक मुलगी हसायची थांबली.

ती केसर. मिठागरात काम करणाऱ्या नामाची मुलगी. त्यांच्या जातीत नववीपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी, आणि तीसुद्धा बापाच्या हट्टानं. शाळा सुटल्यावर तिनं बांधावर सगळ्या वर्गाला अडवलं. हे हिरामणला फार पुढे कळलं, तेही रघूकडून.

"सर बहिरे हायत," केसर म्हणाली.

"मंग काय, मजा हाय की," रघू म्हणाला.

"मजा कसली, मेल्या? त्यांची नोकरी गेली तर हितं चिखलात दुसरा कोन येनार हाय? तुझा बाप शिकवनार इंग्रजी?"

रघूचा बाप होडी चालवायचा.

"बाकांच्या क्रमानं बोलायचं," केसर म्हणाली. "ज्याचं त्याचं वाक्य ठरलेलं. कोन चुकला तर मी पुस्तक उभं धरीन."

तिसऱ्या दिवशी हिरामणच्या लक्षात आलं. पहिल्या बाकावरचा मुलगा उठला, हात पुढे केला, ओठ हलले, बसला. दुसरा उठला. सातव्या बाकावरची मुलगी चालत दाराशी गेली आणि तिनं दार उघडलं. मधेच केसरच्या हातातलं पुस्तक उभं राहिलं. हिरामणनं त्या पुस्तकाकडे पाहिलं, मग उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नो. अगेन." मुलानं ओठ पुन्हा हलवले. पुस्तक आडवं झालं. "गुड."

त्या क्षणी त्याला थांबता आलं असतं. पण शहाण्या माणसाला आयती चालून आलेली सोय जितकी पटकन कळते, तितकी तिची गैरसोय कळत नाही. त्यानं केसरकडे पाहून मान हलवली, एवढीच. दोघांत त्याविषयी कधी शब्द झाला नाही.

इन्स्पेक्टर आले, शेवटच्या बाकावर बसले. चाळीस वाक्यं चाळीस मुलांनी दारं-खिडक्यांसकट बोलून दाखवली. दोनदा मास्तरांनी चूक पकडली, आणि मुद्दाम चुकायचं हे रघूच्या डोक्यातून निघालेलं होतं. इन्स्पेक्टर प्रसन्न झाले. मुलांना आपण स्वतः काही विचारावं म्हणून उठलेही, पण टिल्लू हेडमास्तर मधे आले. घरी कोलंबीची खिचडी तयार आहे, म्हणाले, आणि भरती उतरली की होडी चिखलात रुतेल. शेऱ्याच्या वहीत इन्स्पेक्टरांनी लिहिलं, मुलं निर्भयपणे इंग्रजी बोलतात.

फक्त एवढंच झालं, की चाळिसांची एकेचाळीस वाक्यं झाली नाहीत. नवीन वाक्य घ्यायचं म्हणजे नवीन क्रम लावायचा, नवीन खुणा ठरवायच्या, आणि त्या दिवसांत कुणी दार उघडून आत आलं तर? मग उद्या बघू, असं म्हणत नववी गेली, दहावी गेली. अकरावीला हिरामणनं निबंध आणि पत्रं स्वतःच्या अक्षरात लिहून दिली आणि मुलांकडून पाठ करून घेतली. एकसष्ट साली केसर एस.एस.सी. झाली. इंग्रजीत अडतीस.

मुंबईच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायला मुली घेत होते. राहणं-जेवण तिथंच, शिकत असतानाच थोडा पगार. अर्ज हिरामणनंच भरला. नामानं सांगून टाकलं होतं, "मास्तर, लागली तर लागली. न्हाय लागली तर मी आता भावकीला थोपवू शकत न्हाय. करंजा गावचं स्थळ दोन वर्षं बसून हाय."

पाऊस लांबला होता म्हणून मोरा बंदरातून मुंबईला जाणारी लाँच चालू होती. नामा कुणाचा तरी कोट घालून, केसर नव्या पातळात, आणि मधे हिरामण. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात तिघं बाकावर बसले. केसरला आत बोलावलं. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती. हिरामण उठून काचेपाशी गेला. नामानं त्याच्या सदऱ्याची बाही धरून त्याला मागे ओढलं, पण तो हलला नाही.

मेट्रनबाई जाड, सावळ्या, पांढऱ्या टोपीतल्या. त्यांनी काही विचारलं. केसरचे ओठ हलले, नाव सांगितलं असावं. पुन्हा विचारलं, गावाचं नाव असावं. मग बाईंनी टेबलावर कोपरं टेकून जरा लांबलचक काही विचारलं. केसर थांबली. आणि तिनं हात पुढे केला.

आयुष्यात पहिल्यांदा हिरामणला काचेपलीकडचं इंग्रजी शब्दन् शब्द कळत होतं. धिस इज माय हँड. हा पहिला बाक. मग दुसरा. मग तिसरा. बाईंच्या भुवया वर गेल्या. त्या रागावल्या नाहीत, उलट त्यांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं काहीतरी सांगितलं. चौथा, पाचवा, सहावा बाक. केसर खुर्चीतून उठली. आय अ‍ॅम गोइंग टू द डोअर. खिडकीकडे पाठ करून ती चालत दाराकडे येऊ लागली, वर्गात शिकवलं होतं तशी, हात सरळ ठेवून.

दार उघडलं. समोर हिरामण.

"आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर," केसरचे ओठ हलले.

"गुड," हिरामण म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

परतताना लाँचवर नामा पुढे जाऊन बसला. केसर हिरामणच्या समोर आली, त्याला ओठ दिसतील अशी.

"नर्स का व्हायचंय, असं विचारलं असावं त्यांनी. मराठीत मी पानभर सांगितलं असतं, सर. मग म्हणाल्या, खिडकी लाव. हे आता कळतंय. तिथं काही आठवलंच नाही. एक वाक्य आलं की त्याच्या मागून दुसरं यायचं." मग ती म्हणाली, "चूक माझी. क्रम मीच लावला होता."

"मोडायचा कुणी होता?" हिरामणनं विचारलं. केसरनं उत्तर दिलं नाही, की दिलं आणि लाँच वळताना तिचं तोंड पलीकडे गेलं, ते त्याला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो टिल्लूंच्या खोलीत गेला. उभ्या उभ्याच म्हणाला, "मला ऐकू येत नाही. तीन वर्षं मी वर्गाला फसवलं."

टिल्लूंनी उठून दार लावलं. मग त्याच्या समोर येऊन, तोंड पुरतं उघडून, एकेक शब्द सुटा करून बोलले. इतक्या सराईतपणे की हिरामण बघतच राहिला.

"अहो मोकल, मला हे पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. इन्स्पेक्टरला कोलंबी काय मी प्रेमानं घातली? तुमच्याखेरीज इंग्रजीचा बी.ए. ह्या चिखलात येतोय कोण? इंग्रजी गेलं तर हायस्कूल गेलं. जा, तास घ्या."

"केसर मुलाखतीत नापास झाली."

"एक मुलगी गेली. शाळा राहिली." टिल्लू म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. खुर्चीतून ते आणखी काही बोलत होते, पण हिरामण निघाला होता.

आठवीचा वर्ग. मोठ्या मुलांनी धाकट्यांना क्रम शिकवून ठेवला होता. शाळेचा तो एक रिवाजच झाला होता. पहिल्या बाकावरचा मुलगा उठला, हात पुढे केला.

"खाली बस," हिरामण मराठीत म्हणाला. "मी बहिरा आहे. तू काय बोलतोस ते मला कळत नाही. आजपर्यंत कुणाचंच कळलेलं नाही. वह्या काढा."

त्या वर्षी त्यानं पुन्हा वहीवर शिकवलं, सगळ्यांदेखत. जानेवारीत इन्स्पेक्टर आले ते नवे होते, आणि त्यांना कोलंबी चालत नव्हती. वर्गात मराठी, हातात वह्या. त्यांनी मास्तरांना कारण विचारलं. मास्तरांनी त्यांना सांगितलं, जरा समोर येऊन बोला, आणि मग सगळंच सांगितलं. मार्चमध्ये नोकरी संपल्याचं पत्र आलं. त्याची जागा दोन वर्षं रिकामी राहिली. इंग्रजीच्या तासाला मुलं शाळेमागचा बांध लिंपत. आठवीतले निम्मे अकरावीपर्यंत पोचलेच नाहीत. हिरामण मिठागरात लागला.

केसरचं लग्न वैशाखात झालं, करंज्याच्या स्थळाशी. नवरा विधुर होता, पदरी दोन मुलं. हिरामणला पहिल्या रांगेत बसवलं. अक्षता पडल्यावर ती मोठ्यांच्या पाया पडत आली, त्याच्यापाशी वाकली, आणि मुंडावळ्यांआड मान खालीच ठेवून काहीतरी बोलली. ओठ दिसले नाहीत. भोवतालच्या दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला, म्हणजे बोलली असणार. हिरामणनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

कोकिळा शेजारीच होती, तिनं ऐकलं होतं. घरापर्यंतच्या वाटेत ते सांगायला ती दोनदा त्याच्या समोर येऊन उभी राहिली. दोन्ही वेळा हिरामण तिला वळसा घालून पुढे गेला.