तोंडातल्या टाचण्या

शिवणकाम करणाऱ्या एका बाईला अख्खी गल्ली टाचणीताई म्हणायची. कापड मापात बसेपर्यंत तिच्या ओठांत टाचण्या असत, आणि तेवढा वेळच गिऱ्हाइकांना बोलायला मिळे. एरवी तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. समोर कुणी नसलं तर ती शिवणयंत्राशी बोले, आणि दोरा सारखा तुटला की गिऱ्हाईक थापा मारतंय असं खुशाल समजे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तिच्या धाकट्या भावाला ऐन तरुणपणी स्किझोफ्रेनियाने गाठलं होतं. आता औषधांवर गडी छान होता. दुकानातली इस्त्री तोच करायचा. तरी ताईच्या मनात पाल चुकचुकायची, उद्या आपलंही असंच झालं तर? म्हणून समोरच्या बटणवाल्याला ती टोलवत होती. विधुर, लाघवी माणूस. लग्नाचं विचारून बसला होता आणि उत्तरासाठी रोज तिला नको असलेली बटणं दाखवायला येत होता.

अशात एक संशोधक बाई कोट सैल करून घ्यायला आली आणि आपल्या कामाचं सांगू लागली.

"डोक्याला तारांची टोपी घालायची. मेंदूचे सिग्नल कॉम्प्युटर वाचतो. स्किझोफ्रेनियाच्या जवळ जाणाऱ्या स्वभावछटा कुणात किती, हे ओळखायला आम्ही त्याला शिकवतोय. निरोगी माणसं हवी आहेत."

"माझं काय निघालं ते सांगाल?"

"अंदाज सांगेन. पण तो काही डॉक्टरांचा निर्वाळा नाही हं."

ताईने बटणवाल्याला बजावलं, "टोपीतून काय निघतं ते बघते, मग सांगते." आणि भावाला घेऊन प्रयोगशाळा गाठली.

केसांत जेल चोपडून घेताना तिने टोपीची शिवण कच्ची असल्याचं सुनावलं. मग कानात आवाज सुरू झाले; त्यातले जाड आवाज तेवढे मोजायचे. ताईने मन लावलं, तशा पडद्यावरच्या रेघा पेन्सिलीने खरवडल्यासारख्या काळ्याकुट्ट झाल्या.

"जबडा सैल सोडा, ताई."

"सैलच आहे की!"

पुन्हा तेच. पुन्हा तेच. यंत्राने आपल्याला पकडलं, असंच ताईला वाटलं. बटणवाला डोळ्यांपुढून सरकला आणि ती रडायच्या बेतात आली.

मागे खुर्चीत बसलेला भाऊ म्हणाला, "ताई, तोंडात टाचण्या नाहीत गं."

तिने ओठ चाचपले. घट्ट मिटलेले! काम म्हटलं की तोंड आवळायचं, हे अंगात इतकं भिनलं होतं की तिला पत्ताच नव्हता. संशोधक बाई खो खो हसली. "म्हणजे मेंदू बिचारा गप्प होता, गोंधळ जबड्याचा होता!" ताईने तोंड उघडं टाकलं आणि रेघा सुतासारख्या बारीक, स्वच्छ आल्या.

शेवटी अंदाज कळला. "त्या छटा तुमच्यात थोड्या जास्त दिसतात. पण छटा म्हणजे आजार नव्हे. अशी कितीतरी माणसं मजेत जगतात. आणि आमचं यंत्र अजून शिकतंय, चुकतंही."

ताईला हो किंवा नाही हवं होतं. मिळालं हे. परतताना ती फणफणत होती. "थोड्या जास्त! हे काय माप झालं? आता त्याला काय सांगू?"

भाऊ म्हणाला, "मला तर अख्खा आजार आहे. तू मला सोडलंस का?"

ताई रस्त्यातच थांबली. तिचे डोळे भरून आले. या पोराची आपण कायम काळजी केली, त्याच्याकडे कधी नीट बघितलंच नाही, असं तिला वाटलं.

बटणवाला दुकानाच्या दारातच उभा होता. "काय निघालं?"

"थोडी चक्रम आहे म्हणे."

"ते मला ठाऊकच होतं. मी लग्नाचं विचारत होतो."

ताईने उत्तर द्यायचं ठरवलं, पण ओठ हलेनात. भाऊ हळूच तिच्या कानाशी आला.

"ताई, टाचण्या."

तिने तोंड उघडलं आणि ती हो म्हणाली.