महिपतीचा नियम

महिपती साळवे लोणावळा स्टेशनात सांधेवाला. रूळ बदलायचे त्याला पगार मिळे. माणसे बदलायचे काम तो फुकट करी. रविवारची प्रार्थना आटोपली की ख्रिस्तमंदिरामागच्या मोकळ्या जागेत त्याचा हुतूतूचा संघ जमायचा. पाळकसाहेबांचा उपदेश तासभर चाले, महिपतीचा दोन वाक्यांत संपे.

"पंचाला न्हाई दिसलं तरी देवाला दिसतं. हात लागला, दम तुटला, की आपणच सांगायचं आन बाहेर व्हायचं."

ख्रिस्त हुतूतू खेळला असता तर असाच खेळला असता, हे तो छातीवर हात ठेवून सांगे. परिणामी संघ फार सज्जन होता आणि दरसालच्या स्पर्धेत खंडाळ्याकडून हरायचा.

"स्वर्गात पयले याल तुमी," त्याची बायको लीलाबाई म्हणायची. "खंडाळ्याच्या म्होरं कदी येताय तेवढं सांगा."

अडतीस साली कुरवंड्याच्या डोंगरवाडीतला सावळा संघात आला. बाजारात मोळ्या विकायला यायचा, खेळ बघता बघता आत शिरला. ख्रिस्ती नव्हता, पण महिपतीचे बोलणे तो असे ऐके, की जन्माच्या ख्रिस्त्यांनी लाजावे. आणि दम? चढणीवरसुद्धा गडी बडबड थांबवत नसे.

त्याच वर्षी लोको शेडच्या साहेबाने जाहीर केले, की स्पर्धा जिंकणाऱ्या संघातला एक गडी खलाशी म्हणून, इंजिनांच्या हाताखालच्या कामाला, कायम घेणार. सावळाची बायको हिरी पोटुशी होती आणि मोळ्यांवर दोघांचेच भागत नव्हते. संघाने एकमताने ठरवले, जिंकलो तर नोकरी सावळाची. महिपतीला वाटले, आपली शिकवण फळली.

शेवटचा सामना खंडाळ्याशी. आपले सगळे बाद झाले, महिपतीसुद्धा, उरला सावळा. समोर दोघे. 'हुतूतू' घुमवत तो आत शिरला, एकाला हात लावला, दुसऱ्याला पाय, आणि लोळत रेषेवर आला. पंचाने शिट्टी फुंकली. टोप्या उडाल्या.

सावळा मात्र उठून उभा राहिला तो महिपतीकडे बघत.

महिपती समजला. लोळताना दम तुटला होता. पंचाने ऐकले नाही, खंडाळ्यानेही नाही. नुसती मान हलवली असती, 'गप ऱ्हा' एवढे डोळ्यांनी सांगितले असते, तरी पुरे होते. पण मान हलेना. इतके रविवार जी ताठ ठेवली, ती ऐन वेळी कुठली वाकणार?

सावळाने हात वर केला. "पंच, दम तुटला माजा."

नोकरी खंडाळ्याच्या गड्याला मिळाली. महिपती साहेबाकडे गेला, रदबदली केली, शेवटी म्हणाला, "माझी जागा त्याला द्या." साहेब हसला. "साळवे, नोकरी म्हणजे काय कोट आहे, काढून दिला?" पाळकसाहेबांनी रविवारी सावळाचा दाखला देऊन उपदेश केला. तो फार छान झाला म्हणतात. सावळा ऐकायला नव्हता. मोळ्या विकत होता.

महिपतीने त्याला बाजारात गाठले. सावळानेच विचारले, "भाऊ, बराबर केलं न्हवं मी?"

"व्हय," महिपती म्हणाला.

"मग हिरीला तुमी सांगा की. ती माज्याशी बोलंना."

महिपती कुरवंड्याच्या वाटेला लागला. चढणभर त्याने वाक्ये जुळवली. झोपडीच्या दारात हिरी बसली होती. तिने एकदा वर बघितले आणि तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"पानी पाहिजे का?" तिने विचारले.

"दे," तो म्हणाला, आणि पाणी पिऊन तसाच उतरला.