डोहातला फुटबॉल

माझे सासरे कुणाला फुकट चहा पाजणाऱ्यांतले नव्हते. त्यामुळे त्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "पाहुण्यांला जेवल्याबिगर सोडायचं न्हाई," तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पाहुणे म्हणजे पुण्याच्या कॉलेजातल्या एक मॅडम आणि त्यांचे दोन विद्यार्थी. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमचं गाव शिरूर तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या काठावर, पल्याड दौंड. मॅडमनी जीपमधून शिलाई मशीनएवढं एक पिवळं यंत्र आणलं होतं. त्याला दिवे, कॅमेरा आणि लांबलचक वायर. ते नदीतल्या डोहात बुडायचं आणि काठावरच्या टीव्हीवर तळ दाखवायचं. त्याला रोबोट म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. गावानं लगेच त्याची बोट केली. "बोट हाय तर बुडती कशी?" यावर पारावर बरीच चर्चा झाली.

त्या उन्हाळ्यात डोहातले मासे उलटे होऊन तरंगले होते. त्याच सुमाराला आमच्या दोन जर्सी गायींनी पाठोपाठ गाभ टाकला. तिसरी सातव्या महिन्यात होती. गोठा मी सांभाळायचे, तेव्हा सासऱ्यांच्या मते दोष माझ्या चाऱ्यात होता. ढोरांचे डॉक्टर म्हणाले होते, पाणी तपासा. म्हणून मॅडम आल्या याचा आनंद गावात बहुधा मला एकटीलाच झाला. तोही अर्धामुर्धा. फुकटात कुणी कशाला आमचं पाणी तपासेल, असं मलाही वाटतच होतं.

बाकीच्यांना तर खात्रीच होती. रांजणगावला आधी दुर्बीण लावून माणसं आली, "नुसती पाहणी" म्हणाली, आणि मागनं जमिनी घ्यायला कंपन्या आल्या. त्यात मॅडम बोलून गेल्या, "पाण्याचे नि गाळाचे नमुने घ्यायचेत." शेजारचे आप्पा सासऱ्यांच्या कानाला लागले. "तलाठ्याकडं सातबाराचा नमुना ऐकलाय, आठ-अचा ऐकलाय. ह्यो पाण्याचा नमुना कुणाच्या नावावर निघणार?"

सकाळी यंत्र पहिल्यांदा बुडलं. टीव्हीवर हिरवट पाणी, शेवाळ, आणि मग दिव्याच्या उजेडात पाइपचं टोक नि त्याला जाळीचा गोळा. मोटारीच्या पाइपाला तळाशी असा जाळीचा व्हॉल्व्ह असतो. पुस्तकात त्याला फूट व्हॉल्व्ह म्हणत असतील. आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"फुटबॉल," कुणीतरी बोलून गेलं आणि जीभ चावली. डोहातल्या निम्म्या मोटारींना परवानगी नव्हती. आमच्या मोटारीलाही नव्हती.

"अरे वा," मॅडम हसल्या. काठावर कुणी हसलं नाही.

"लई पोचलेली हाय," आप्पा पुटपुटले. "समदं कळतंय तिला. येड पांघरतीय."

मग सासऱ्यांना पाहुणचाराची आठवण झाली.

मी पिठलं-भाकरी केली, ठेचा वाढला. मॅडम मांडी घालून मनापासून जेवल्या. जेवताना त्यांनी मला विचारलं, "इथली मुलं डोहावर फुटबॉल खेळतात का हो?" मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खरंच ठाऊक नाही, की माझ्याकडून काढून घेतायत? ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "खेळतात की," आणि अजून एक भाकरी वाढली. सासरे पंगतीला नव्हते. गावातला एकही गडी आसपास दिसत नव्हता.

जेवणं उरकून आम्ही काठावर आलो तर डोहाचा चहा झाला होता. दोरखंड लावून गड्यांनी सगळे पाइप उपसून बाभळीत लपवले होते. यंत्र पुन्हा बुडलं आणि टीव्हीवर नुसता तपकिरी रंग आला. "तळ ढवळलाय कुणीतरी," मॅडम म्हणाल्या. "आता या गाळावरून काहीच सांगता येणार नाही." गाळ बसला की परत येऊ म्हणाल्या. परत आल्या नाहीत. मला त्या दिवशी सासऱ्यांचा इतका राग आला की नवऱ्याशीसुद्धा मी बोलले नाही.

दिवस कलताना मी गायीसाठी पाणी आणायला गेले, तर सासरे एकटेच काठावर बसून आमचा फुटबॉल धूत होते. जाळीत काळाकुट्ट, तेलकट गाळ अडकला होता, त्यात मेलेले शिंपले. वास लांबपर्यंत येत होता. त्यांनी हात धुतले, नाकाला लावले, पुन्हा धुतले.

"गायीला आजपास्नं हिरीचं पाणी पाज," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "शेंदावं लागलं तरी चालंल."

"आन् ह्यो फुटबॉल?"

"सोडतो परत. ऊस वाळंल न्हाईतर. उसाला काय कळतंय."

"उसाच्या शेंड्याचं वाढं गायच खाती, मामा," मी म्हटलं.

ते त्याच पाण्यात हात धूत राहिले.