कलिंगडाच्या शेतावरचा सिनेमा

त्या वर्षी मी एकतीस वर्षांचा होतो. सणसवाडीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. दिवसभर हातात गेज घेऊन पार्ट तपासायचे, बरोबर असेल तो पास करायचा, नसेल तो लाल क्रेटमध्ये टाकायचा. गाव केंदूर, फार लांब नाही, पण शिफ्टचं कारण सांगून मी सणसवाडीतच खोली घेतली होती. खोलीत आणखी दोघं, एक लातूरकडचा आणि एक बिहारचा. तिघांच्या शिफ्टा वेगळ्या, त्यामुळं खोली बऱ्याचदा रिकामी असायची. मग मी आडवा पडून मोबाइलवरचं ते अ‍ॅप उघडायचो, जिथं पुरुष पुरुषांना शोधतात. तिथं कुणी स्वतःचं तोंड लावत नाही. गुलाबाचे फोटो, डोंगराचे फोटो, गळ्याखालचे फोटो.

तिथंच मला तो भेटला. त्याचा फोटो रेल्वेच्या सिग्नलचा होता. तो खरंच सिग्नलच्या कामावर होता, दौंडला. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, लग्न न केलेला, आई गेल्यापासून क्वार्टरमध्ये एकटा. पहिल्यांदा भेटलो ते दौंड स्टेशनबाहेर भर दुपारी, चहाच्या टपरीवर. त्यानं मला आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजी पाटलाच्या घरातला," तो हसून म्हणाला.

"पाटील न्हाई आमी."

"तेच ते."

त्याच्या क्वार्टरमध्ये भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि शेजारी त्याच्या आईचा. मी दारात चपला काढताना तो माझ्याकडं बघत होता, मी आत कसा येतो ते. मी आत गेलो, त्याच्या तांब्यातलं पाणी प्यालो आणि मनात स्वतःलाच शाबासकी दिली. आज ती आठवली की लाज वाटते. मित्र म्हणून मी त्याला केंदूरला जेवायला नेलं असतं, तर आईनं ताट वाढलं असतं. कुठलं ताट वाढलं असतं, तेही मला माहीत होतं. म्हणून मी त्याला कधी नेलं नाही.

मार्चपासून दर रविवारी मी मोटारसायकलवर न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून दौंडला जायचो. घरी सांगायचो, ओव्हरटाइम आहे. तो मटण चांगलं करायचा. जेवून आम्ही कुलरसमोर सतरंजीवर पडायचो. सुरुवातीचे कितीतरी रविवार मी त्याला "अहो" म्हणत होतो. तो चिडायचा, "मी काय तुझा सुपरवायझर हाय का?" शेवटी एकदा माझ्या तोंडून "अरे" गेलं, तेव्हा तो स्वयंपाकघरात होता. हातात पळी घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "परत म्हण."

मे महिन्यातल्या एका दुपारी त्यानं लॅपटॉपवर एक सिनेमा लावला. परदेशातला, कुठल्या देशातला ते आता आठवत नाही. भाषा कळत नव्हती, खाली इंग्रजी अक्षरं यायची आणि तो मला मराठीत सांगायचा. उन्हाळ्यात कलिंगडं तोडायला एका गावात आलेला मजूर, आणि शेतमालकाचा पुतण्या. पुतण्या देखणा आणि डोक्यानं भडक. आदल्या वर्षी त्यानं असाच एक मजूर जवळ केला होता आणि बोभाटा व्हायची वेळ आल्यावर त्यालाच मारून मारून अर्धमेला केला होता. हे त्या नव्या मजुराला कळतं. कळूनही तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या शेतावर जातो. पडद्यावर सगळं फार सुंदर होतं. पिवळं ऊन, फुटलेलं कलिंगड, दोघांचे मातीनं भरलेले हात.

"पण हा परत जातोच कशाला?" मी म्हणालो. "म्हाईत हाय ना, तो मारणार म्हणून."

त्यानं सिनेमा थांबवला. मग म्हणाला, "त्याच्याकडं दुसरं कोण बघतंय का? कुणीच न्हाई. हा पुतण्या बघतोय. लई तहान लागली की माणूस पाण्याचा रिपोर्ट मागत न्हाई."

"येडेपणा हाय."

"व्हय, हाय. आन् त्यांच्याकडं मार खाताना पण चित्र कसलं भारी दिसतंय बघ. आपल्याकडं चार जण मोबाइल धरून उभे राहतील."

हे तो हसत म्हणाला. मीही हसलो.

त्याच महिन्यात घरी माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगी शिरूरची, शिकलेली, डी. एड. झालेली. बघायचा कार्यक्रम ठरला. मी त्याला फोनवर सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, "मग तू जाणार?"

"जावं लागंल. आई ऐकत न्हाई."

"जा की. मग रविवारी?"

"रविवारीच हाय कार्यक्रम."

त्याच्या पुढच्या रविवारीही मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही. त्याचे मेसेज यायचे, "जेवलास का", "लई ऊन हाय, टोपी घाल", आणि मी दिवस मावळल्यावर एखाद्या शब्दात उत्तर द्यायचो. भांडण झालं नव्हतं. एकदा भांडून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचं मला नंतर कळलं. तो परत त्या अ‍ॅपवर गेला. तिथं एकानं गोड बोलून त्याला भांडगावजवळ हायवेला बोलावलं, भर दुपारी. दिवसाउजेडी काय होणार म्हणून तो गेला. त्या माणसानं त्याला उसाच्या शेतात आत नेलं, तिथं आणखी तिघं थांबलेली होती. वीस-बावीस वर्षांची पोरं. त्यांनी त्याला मारलं, कपडे काढायला लावले आणि मोबाइलवर शूटिंग केलं. मग त्याचाच फोन उघडायला लावून बघितलं, हा सारखा कुणाशी बोलतो.

मी कँटीनमध्ये जेवत होतो. स्क्रीनवर त्याचं नाव आलं. आजूबाजूला माणसं होती म्हणून उठून हात धुवायच्या नळापाशी गेलो आणि फोन घेतला. आवाज अनोळखी होता.

"ह्यो तुझा कोण लागतो रं?"

फोनमध्ये मागून कण्हण्याचा आवाज येत होता. मला एका क्षणात सगळं कळलं. कळलं नव्हतं, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो, पण कळलं होतं.

"कोण?" मी म्हणालो. "मी वळखत न्हाई कुणाला. राँग नंबर."

फोन कट केला. त्याचा नंबर ब्लॉक केला. मग परत टेबलावर जाऊन उरलेला भात संपवला. भात सुद्धा टाकून दिला नाही मी.

चार दिवसांनी दुपारी लाइनवरच्या एका पोरानं जेवताना मोबाइल पुढं केला. "सर, हे बघा. आपल्याच भागातलं हाय." आठ-दहा जण वाकून बघत होते. मीही वाकलो. नाही वाकलो तर दिसून येईल, असं वाटलं. व्हिडिओत तो जमिनीवर बसला होता, दोन्ही हातांनी स्वतःला झाकत, ओठ फुटलेला. एकानं त्याच्या तोंडासमोर फोन धरलेला, स्पीकर चालू. आणि मग माझा आवाज आला. बारीक, खरखरीत, पण माझा. मी वळखत न्हाई कुणाला.

कुणालाच आवाज ओळखू आला नाही.

"बघा ना सर," तो पोरगा हसत म्हणाला, "दोस्तानं पण हात झटकले. असल्यांचं कोण असतंय?"

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या हसण्याचा आवाज त्या व्हिडिओतल्या आवाजापेक्षा मोठा होता.

दोन आठवड्यांनी मी दौंडला गेलो. दार त्यानंच उघडलं. जबडा तारांनी बांधलेला, डावा हात प्लॅस्टरमध्ये. आत ये म्हणाला नाही, दार लावूनही घेतलं नाही. मी आत गेलो. बसावं का ते कळेना म्हणून उभाच राहिलो.

"पोलिसांकडं गेलतास?" मी विचारलं.

"गाडीवरनं पडलो, असं लिवलंय." दात मिटलेले असल्यामुळं शब्द चेपून येत होते. "खरं सांगून काय करू? ऑफिसात तोंड दाखवायचं हाय. व्हिडिओ तर तिथंबी पोचला."

मी रडायला लागलो. माफी मागितली. म्हणालो, मी घाबरलो होतो, आजूबाजूला माणसं होती, मी नाव घेतलं असतं तर आपण दोघंही गेलो असतो.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "राँग नंबर म्हणलास ते ठीक. मीबी तेच म्हणलो असतो कदाचित. ब्लॉक कशाला केलंस?"

तोच पुढं सांगायला लागला.

"ती पोरं गेली. फोन तिथंच टाकून गेली. मी दोन तास उसात पडून होतो. तुला सात वेळा लावला. भांडायला न्हाई रं बोलवत होतो. गाडी घेऊन ये आन् एक शर्ट आण, एवढंच सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगणार होतो मी? असं अंगावर कापड न्हाई म्हणून?"

शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्याला बघितलं. काही न विचारता आपलं धोतर फाडून दिलं आणि टेम्पोत बसवून दवाखान्यात नेलं. हे सांगताना तो पहिल्यांदा रडला. मी पुढं झालो, तर त्यानं प्लॅस्टरचा हात आडवा धरला.

"जा आता," तो म्हणाला. "शेजारी बघत्यात."

दिवाळीच्या सुमारास मी परत गेलो, तेव्हा क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब राहत होतं. बाई म्हणाली, आधीच्यांनी बदली मागून घेतली, कुठं ते ठाऊक नाही. त्याचा जुना नंबर बंद होता.

शिरूरच्या मुलीशी माझं लग्न झालं. ती शाळेत शिकवते, घर नीट सांभाळते, माझ्या आईशी तिचं पटतं. तिचा काही दोष नाही, आणि तिनं ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस तिला आजवर भेटलेला नाही. परवा जेवताना तिनं अचानक विचारलं, "तुमचा जिवाभावाचा असा एक पण मित्र कसा नाही हो?"

मी म्हणालो, "नाही जमलं कुणाशी."

तिनं मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी भाकरी वाढली.