दाभणानं शिवलेला केसपेपर

मलिकाभाभीला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. हातकणंगले तालुक्यातल्या आपल्या गावात ती आशा सेविका, आणि घरचा धंदा गाद्या शिवायचा. त्यामुळे लसीकरणाच्या पिशवीतही दोऱ्याचं रीळ आणि दाभण असायचंच.

गेले सात महिने तिच्या जिवाला एकच घोर होता, बाळासो. दूध संस्थेत दुधाचं फॅट मोजणारा हा सरळ माणूस. भाऊ गेल्यापासून दिवस मावळला की त्याचा जीव घाबराघुबरा व्हायचा, आणि त्यावर उतारा म्हणून दारू लागली. मलिका त्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची. वरच्या मजल्यावर मनाचे डॉक्टर म्हणायचे, आधी दारू सोडा. खाली व्यसनमुक्तीच्या खोलीत सांगायचे, आधी मन थाऱ्यावर आणा. केसपेपरही दोन, वेगवेगळे. एवढ्या हेलपाट्यांत जिना झिजला असता, पण बाळासो होता तिथंच.

त्या मंगळवारी एसटीतच त्यानं सांगून टाकलं, "भाभी, आजचं शेवटचं. आज माघारी धाडलं तर मी परत येणार न्हाय."

मलिकाला पक्कं ठाऊक होतं, बाळासो एकदा बोलला की बोलला. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तिनं दाभण काढलं, दोन्ही केसपेपर एकावर एक ठेवले आणि डाव्या कडेनं गादीचा पक्का टाका घातला. सरकारी कागदाला कुणी असं करतं का? मलिकानं केलं.

खालच्या डॉक्टरीणबाई प्रियदर्शनी. त्यांनी आपला कागद ओढला तर वरच्या मजल्याचाही आला. त्या भडकल्याच, आणि दोन्ही कागद ओढून वेगळे करायला लागल्या.

"फाडायचा न्हाय म्याडम," मलिका म्हणाली, "वाचायचा."

बाईंनी नाइलाजानं पान उलटलं. भावाचं जाणं, संध्याकाळची भीती, सगळं तिथं लिहिलेलं होतं. त्यांच्या स्वतःच्या कागदावर मात्र फक्त रोज संध्याकाळी किती पितो तेवढंच. मग कागद घेऊन उठल्या आणि तडक जिना चढायला लागल्या.

मलिकाला तर नाचावंसं वाटलं! सात महिन्यांत पहिल्यांदाच बाळासोऐवजी डॉक्टर जिना चढत होते. तीही त्याचा हात धरून दोन-दोन पायऱ्या टाकत मागनं धावली. वर दोन्ही डॉक्टर एका टेबलाशी बसले, थोडा वाद घातला आणि ठरवलं की आजपासून मनाचा आणि दारूचा उपचार बरोबरच सुरू करायचा. बाळासोला मध्ये बसवून सगळं त्यालाच विचारलं.

शेवटी दोन फायलींत दोन कागद लावायचे म्हणून प्रियदर्शनीबाईंनी टाका कापायला कात्री घेतली. बाळासोनं कागदावर हात ठेवला.

"राहू द्या की म्याडम. दोन्ही कागदांतला माणूस मी एकच हाय."

बाईंनी कात्री खाली ठेवली, आणि त्या शिवलेल्या कागदावर पुढच्या मंगळवारची एकच तारीख घातली.